पट्ट्याची हद्द

मान, मग पाठ

धुण्यापेक्षा धुतल्यानंतरचं काम मोठं असतं. जटा वाळायला लागल्या की शेजारणींच्या गळ्यात पडतात. मुळाशी एकमेकींना धरू बघतात, आणि तसं धरू दिलं तर काही दिवसांत कुत्र्याच्या अंगावर जटा उरत नाहीत, एक सलग घोंगडी तयार होते आणि तिच्याखालच्या कातडीला ना वारा मिळतो ना उजेड. म्हणून सून जमिनीवर फतकल मारून बसली होती, पोतेरं, म्हणजे घरचं कुत्रं, तिच्या मांडीला पाठ लावून आडवं पडलं होतं, आणि ती एकेक जट मुळाशी धरून शेजारणीपासून सोडवत होती. कंगवा नाही, ब्रश नाही, कात्री तर नाहीच. दोन अंगठे, दोन तर्जन्या. जुनं कापड फाटावं तसा टर्र असा बारीक आवाज यायचा, जट सुटायची, की पुढची. मान झाली. कण्यावरून ती खाली आली. डाव्या खांद्याच्या मागे तिनं बोटं आत घातली, कातडीपर्यंत नेली, आणि

टोकं

जटेचं टोक म्हणजे कुत्र्याचं बाळपण. या जातीच्या पिल्लाच्या अंगावरची लव आपोआप गुंतते, त्या गुंत्यात खालून नवे केस येऊन मिळतात, गुंता लांबत जातो. त्यामुळे जमिनीला घासणारं टोक सगळ्यात जुनं आणि कातडीजवळचं बोटभर अगदी अलीकडचं. पोतेऱ्याच्या काळ्या जटा टोकांना उन्हानं तांबूस झाल्या होत्या. अध्येमध्ये एक पातळ जागा लागायची. ती वाढत होती त्या दिवसांत त्याचं पोट बिघडलेलं असायचं.

पोतेरं हे नाव शेजाऱ्यांनी ठेवलं. कागदावर त्याला भारदस्त नाव होतं, ते कागदावरच राहिलं. समोरच्या चष्मेवाल्यानं पहिल्यांदा बघितलं तेव्हा विचारलं होतं, बादली कुठाय याची? मग नाव पडलं ते पडलंच, आणि कुत्रा आला न म्हणता पोतेरं आलं म्हणायची सवय घरालाही लागली.

ते आणलं सासऱ्यांनी. सासरे जन्मभर दोर वळत आले. जहाजं धक्क्याला बांधतात ते मनगटाएवढे दोर. कारखाना बंद झाला, हात रिकामे राहिले, आणि रिकामे हात घरात काय काय उद्योग करतात ते सगळ्यांना बघायला मिळालं. पडद्यांच्या दोऱ्या, बुटांच्या नाड्या, सुनेच्या कामाच्या अंगरख्याचे बंद, सगळ्यांची टोकं त्यांनी सुतानं गुंडाळून पक्की केली. त्यांचा मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याच्या हत्यारांच्या पिशवीचा बंद तुटला तर नवा घ्यायची सोय नव्हती. सासरे तुटक्या दोन टोकांचे पेड उलगडायचे, एकाचे पेड दुसऱ्याच्या पेडांत खालून-वरून घालत जायचे आणि असा सांधा बसवायचे की कुठे तुटलं होतं ते शोधून सापडू नये. मग एके दिवशी ते पिल्लू घेऊन आले. मुलानं कपाळाला हात लावून विचारलं, आता कुत्रं कशाला.

"हे कुत्रं नाही," सासरे म्हणाले. "कच्चा माल आहे."

सुरुवातीला सगळं त्यांच्याच हातात होतं आणि त्या हातांना तोड नव्हती. पण दोर वळणाऱ्याला जाड-बारीक सहन होत नाही. जाड जट दिसली की तिच्या दोन, दोनाच्या चार. सगळ्या एकसारख्या हव्यात. आणि फार बारीक केलेली जट मुळाशी तुटते. पोतेऱ्याच्या पाठीवर रुपयाएवढी उघडी जागा दिसली तेव्हा सून बोलली. ती एरवी मोजकं बोलते, त्या दिवशी भरपूर बोलली, आणि त्याचा गोषवारा असा होता की बाबांच्या हौसेपायी कुत्र्याला टक्कल पडायची वेळ आलेली आहे. नवरा मध्ये पडला. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो म्हणाला, इथे निदान सुंभ तरी वाचवा. शेवटी वाटणी झाली. गळ्यातल्या पट्ट्याच्या पुढचं कुत्रं सासऱ्यांचं, पट्ट्याच्या मागचं सुनेचं. कोर्टाची पायरी न चढता झालेली आपल्या घराण्यातली ही पहिलीच वाटणी, असं नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

सासऱ्यांनी हद्द मान्य केली. त्यानंतर त्यांनी पोतेऱ्याचं डोकं इतकं काटेकोर केलं की समोरून ते राजवाड्यातलं कुत्रं दिसायचं आणि मागून घरातलं.

डाव्या खांद्याच्या मागे

आणि थांबली.

बोटाखाली काहीतरी होतं. टणक. बोराएवढं.

सुनेची बोटं साधी नव्हेत. ती दातांच्या कवळ्या बनवते. घासून झालेल्या कवळीवर डोळे मिटून बोट फिरवायचं आणि केसाएवढा उंचवटा लागला तरी परत घासायला घ्यायची, कारण बोटाला जो केस वाटतो तो जिभेला डोंगर वाटतो. तेव्हा आपल्याला भास झाला असेल, असं म्हणायची मुभा तिला नव्हती. तिनं बोट काढलं, पुन्हा घातलं. तिथेच होतं. हलवून पाहिलं तर कातडी बरोबर हलली. कोमट होतं. पोतेऱ्यानं मान वर केली नाही. माशी बसल्यावर थरथरवतात तशी तेवढीच कातडी थरथरवली.

तिनं जटा दोन्हीकडे सारून बघायचा प्रयत्न केला. काळे केस, काळी कातडी, मध्ये काळोख.

तिच्या आईला काखेत असंच बोराएवढं काही लागलं होतं. काही नाही गं, चरबी आहे, आई म्हणाली होती. वर्षभर काही नाही, काही नाही म्हणत राहिली, आणि सुनेनं, तेव्हा ती कुणाची सून नव्हती, नुसती मुलगी होती, तिनंही ते ऐकून घेतलं, कारण तिला तेच ऐकायचं होतं. तेव्हापासून काही नाही असं घरात कुणी म्हणालं की ती दिवा लावून बघते.

पोतेरं मांडीवर हनुवटी ठेवून पडलं होतं. उरलेल्या जटा तशाच राहिल्या.

नवरा, मग सासरे

नवरा कामावरून आला तो बूट न काढताच जमिनीवर पालथा झाला, लिफ्टच्या खड्ड्यात उतरतो तसा, आणि विजेरी दातांत धरून बराच वेळ जटांत डोकं खुपसून राहिला. बाहेर आला तेव्हा तो “काही...” एवढंच म्हणाला आणि बायकोच्या चेहऱ्याकडे बघून अडला. पुढचा शब्द त्यानं गिळला.

"काहीतरी आहे खरं," तो म्हणाला.

उद्या दाखवायचं ठरलं. सासऱ्यांना सांगायचं की नाही यावर स्वयंपाकघरात कुजबुज झाली. नवऱ्याचं म्हणणं, कशाला आधीच म्हाताऱ्या जिवाला घोर. सुनेचं म्हणणं, डोकं त्यांचं आहे, धडाचं त्यांना कळायला नको? आणि कुजबुजीचा उपयोग नव्हताच, कारण सासरे दारात उभे होते.

त्यांनी एवढंच विचारलं, कुठे. सुनेनं सांगितलं, पट्ट्याच्या मागे, डाव्या खांद्यापाशी. सासरे पोतेऱ्याकडे बघत राहिले. त्यांचा उजवा हात पुढे आला आणि तसाच मागे गेला. मग ते म्हणाले की उद्या मीही येतो, आणि जाऊन खिडकीपाशी बसले, नेहमीच्या घडीच्या खुर्चीत नाही, पलंगाच्या कडेवर. जेवताना ते सुनेच्या नजरेला नजर देईनात. तिला वाटलं, घाबरलेत. तिचा स्वतःचाच जीव टांगणीला लागला होता. दुसऱ्याचं ओझं कुठे धरून बघणार.

धुणं

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर गेली, कारण दुपारची वेळ मिळाली होती आणि तोवर घरी बसून करायचं काय. समोर कुणाच्या तरी वरच्या जबड्याची कवळी होती. हात घासत होते, आणि डोक्यात ती पोतेऱ्याला पुन्हा धूत होती. सुरुवातीपासून, एकही पायरी न गाळता, कुठेतरी ते बोर सापडेल म्हणून.

कोमट पाणी अंगावर ओतायचं आणि थांबायचं. जटा लगेच पाणी पीत नाहीत, आधी रुसतात. मग पितात, आणि प्यायला लागल्या की कुत्रं दुप्पट जड होतं.

साबण पाण्यात कालवूनच घालायचा. चोळायचं नाही. कपड्यासारखं चोळलं तर खेळ खलास. फक्त दाबायचं. मुळाशी मूठ धरायची, टोकापर्यंत दाबत न्यायची, पुढची जट.

साबण निघेपर्यंत पाणी. निघाला असं वाटलं की आणखी तेवढंच पाणी. आत राहिलेला साबण कातडी खातो.

टॉवेलनं पुसायचं नाही, दाबायचं. घरातले सगळे टॉवेल. मग पंखा. मग दुसऱ्या कुशीवर वळवून पंखा. रात्रीही पंखा. दुसऱ्या दिवशी गच्चीवर ऊन. जटेच्या गाभ्यात ओल राहिली तर कुबट वास धरतो, आणि एकदा धरला की केस कापायचं यंत्र फिरवण्यावाचून इलाज नाही, वर्षानुवर्षं वाढवलेलं सगळं एका दुपारी जमिनीवर.

हे सगळं तिनं केलं होतं. स्वतःच्या हातांनी, एकेक जट मुळापासून दाबत. डाव्या खांद्याच्या मागेही तिची मूठ गेली होती, आणि तिथे मुठीत काहीही लागलं नव्हतं. म्हणजे ते त्यानंतर आलं. दोन दिवसांत नव्हत्याचं बोराएवढं झालं. इतक्या घाईनं वाढणाऱ्या वस्तूचा शेवट काय होतो ते तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

शेजारच्या टेबलावरच्या बाईनं विचारलं, अगं, किती घासशील? तिनं खाली बघितलं. कवळी इतकी घासली गेली होती की आता ती कुणाच्याच तोंडात बसली नसती.

टेबलावर

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई ठेंगण्या होत्या, सर्दीनं बेजार होत्या आणि बोलणं वाचवत होत्या, त्यांनी पोतेऱ्याला टेबलावर चढवायला सांगितलं, सुनेनं पुढून आणि नवऱ्यानं मागून उचललं, सासऱ्यांना आत चौथ्या माणसाला जागा नाही म्हणून बाहेर बाकावर बसवलं होतं, आणि डॉक्टरीणबाईंनी जटांत हात घातला, चाचपलं, नाक ओढलं, पुन्हा चाचपलं, आणि हो, आहे, असं म्हणाल्या, ज्यामुळे सुनेला कळलं की मनाच्या एका कोपऱ्यात ती अजून भास असल्याचीच वाट बघत होती, मग त्या म्हणाल्या की सुई घालून बघायला हवं पण या जंगलात सुई कुठे घालू, तळहाताएवढी जागा साफ करावी लागेल, आणि नवऱ्यानं बायकोकडे बघितलं कारण त्या तळहाताएवढ्या जागेत बाळपणापासूनच्या जटा होत्या आणि तिथे पुन्हा तेवढ्या यायला पोतेऱ्याचं उरलेलं आयुष्य लागलं असतं, पण ती क्षणभरही न थांबता काढा म्हणाली, जीव राहिला तर जटा, आणि डॉक्टरीणबाईंनी यंत्र सुरू केलं, त्याचा घर्र आवाज भिंतींना लागून बाहेरपर्यंत गेला असणार, पोतेऱ्याची कातडी थरथरली, यंत्र खाली आलं, जटांच्या मुळाशी टेकलं, घास मोठा म्हणून अडलं, डॉक्टरीणबाईंनी ते मागे घेतलं, बंद केलं, कात्री उचलली आणि सुनेला म्हणाल्या, तुम्हाला सवय आहे, मुळं जरा फाकून धरा, मला कातडी दिसू दे, तशी तिनं दोन्ही हातांचे अंगठे आत घातले आणि रोज करते तसं, जीव मुठीत धरून, टर्र, वेगळं केलं, वरचा दिवा खाली ओढला गेला, आणि पहिल्यांदाच त्या काळोखात उजेड पडला.

डॉक्टरीणबाई वाकल्या. कातडी चिमटीत धरली. सोडली. त्या टणक वस्तूच्या खालून एक बोट आरपार घातलं.

"हे अंगाचं नाही," त्या म्हणाल्या.

सुनेनं मान पुढे केली.

"हे बघा. माझं बोट खाली जातंय. कातडी वर ओढली गेलीय म्हणून तिच्यातच आहे असं वाटतं. आहे ते केसांत आहे."

सुनेनं बोट घातलं. त्यांच्या बोटाशेजारून तिचंही बोट आरपार गेलं. खाली कातडी होती. सपाट. ओढल्यामुळे थोडी गरम, थोडी लाल, आणि सपाट. तिनं ते बोट पुन्हा मागे आणलं आणि पुन्हा घातलं, कवळीवर फिरवते तसं, डोळे मिटून. केसाएवढाही उंचवटा नाही.

नवऱ्यानं टेबलाची कड धरली होती ती सोडली आणि भिंतीला टेकला. जीव भांड्यात पडला, तो म्हणाला, आणि मग कुणी विचारलं नसताना डॉक्टरीणबाईंना लिफ्टच्या दोरांबद्दल काहीतरी सांगू लागला.

सून वाकून बघत होती. गुंता होता म्हणावं तर गुंता असा नसतो. गुंत्याला दिशा नसते. इथे एका जटेचे तीन पेड वरून येत होते, मुळाकडून आलेल्या तीन पेडांत घुसत होते, एकाखालून, एकावरून, पुन्हा एकाखालून, आणि पुढचा फेरा अगदी त्याच शिस्तीत. तिनं नखानं एक पेड जरा उचकटला. खाली असलाच दुसरा फेरा. ती आपल्या अंगरख्याच्या बंदाकडे बघायला लागली, ज्याच्यावर असाच एक सांधा होता, फक्त पांढरा.

"या कुत्र्याला शिवण कुणी घातली?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

सून म्हणाली, सांगते, आधी कात्री द्या. आणि जिनं आजवर पोतेऱ्याला कात्री दाखवूसुद्धा दिली नव्हती तिनं सांध्याखाली मुळाशी ती एकच जट कापली. बाकी सगळ्या होत्या तशा राहिल्या. खालची कातडी सैल पडली, आपल्या जागी गेली. पोतेऱ्यानं एक लांब उसासा टाकला. आपल्याला काय होत होतं हे फक्त त्यालाच पहिल्यापासून माहीत होतं.

बाक

सासरे बाकावर एकटे होते. हातात पोतेऱ्याची साखळी नव्हे, दोरी होती. साखळी या घरात कधी आलीच नाही. दोरीचं टोक त्यांनी सोडलं होतं, वळलं होतं, पुन्हा सोडलं होतं. त्यांनी मान वर केली नाही.

"किती काढलं?" त्यांनी विचारलं. यंत्राचा आवाज त्यांच्यापर्यंत आला होता.

सून शेजारी बसली आणि ती जट त्यांच्या तळहातावर ठेवली. लांब, काळी, टोकाला तांबूस, आणि मुळाकडे बोराएवढी फुगलेली. सासऱ्यांच्या डोळ्यांना कळायच्या आत त्यांच्या अंगठ्याला कळलं. अंगठा फुगीर भागावर गेला आणि तिथेच थांबला.

"आणि कुत्र्याला?"

"काही नाही," सून म्हणाली.

आपण काय म्हणालो ते तिनं ऐकलं. दोन शब्द बाकावर पडून राहिले. तिनं ते पुन्हा एकदा म्हणून पाहिले, सावकाश, आणि दुसऱ्यांदाही ते खरेच निघाले.

सासऱ्यांनी सांधा उलटसुलट करून बघितला.

"पाण्यानं आवळला," ते म्हणाले. "लोकर आहे. मी आपला तागाच्या हिशेबानं बसवला. ताग ओला झाला तर फुगतो, पण असा गोळा होत नाही."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सून कामावर गेलेली, पोतेरं त्यांच्या घडीच्या खुर्चीखाली झोपलेलं. सासरे उठायला, पोतेरं उठायला आणि खुर्ची मिटायला एकच गाठ पडली, बिजागरीत डाव्या खांद्यामागची एक जट सापडली आणि मुळाजवळ बोटभर ठेवून तुटली. ओरडलं नाही बिचारं, सासरे म्हणाले, माझ्याकडेच बघत राहिलं, जसं काही माझंच बोट सापडलंय. हातात तुटकी जट, समोर हद्द. सुनेला सांगावं तर ती म्हणणार, मागच्या बाजूला तुमचं काय काम होतं? आणि मग डोकंही जायचं हातचं. म्हणून त्यांनी तेच केलं जे ते दोर तुटला की करायचे. पेड सोडले, एकमेकांत घातले, सांधा बसवला. चार पावलं लांब जाऊन बघितलं. दिसत नव्हता. बोट फिरवून बघितलं. लागत नव्हता. पुढच्या धुण्याला सुनेच्या मुठीतून तो पार झाला तेव्हा तर त्यांना स्वतःचा अभिमानच वाटला होता.

"काल तू जागा सांगितलीस तेव्हा मनात आलं होतं," ते म्हणाले. "आलं आणि मी घालवलं. म्हटलं, छे. आपला सांधा बोटाला लागत नसतो."

"म्हणजे काल रात्रभर," ती म्हणाली, "स्वतःचा सांधा बिघडला असेल यापेक्षा कुत्र्याला रोग झाला हे तुम्हाला पटलं?"

सासऱ्यांनी विचार केला. प्रामाणिकपणे केला, ते दिसत होतं.

"पटलं," ते म्हणाले.

आणि तिला हसू आलं. आधी नाकातून, मग खांद्यांतून. आवरायला गेली तर जास्तच आलं, आणि त्याच्या मागोमाग काल दुपारपासून अडलेलं पाणीही आलं, त्यामुळे नवरा पोतेऱ्याला घेऊन बाहेर आला तेव्हा बायको पदर नसल्यानं बाहीला डोळे पुसत होती आणि बाप हातात जट धरून मान डोलावत होता.

"जन्मात एवढा वाईट सांधा बसला नव्हता," सासरे मुलाला म्हणाले. "कारखान्यात असा बसवला असता तर दारातून बाहेर काढलं असतं मला. बघ तरी. ढेकूळ झालंय नुसतं. किती बरं झालं."

पोतेरं त्यांच्या पायांवर बसलं. ते नेहमी असंच बसतं, कुणाच्या तरी पायांवर, म्हणजे माणूस न सांगता उठणार नाही.

मोकळी जागा

घरी आल्या आल्या सासऱ्यांनी घडीची खुर्ची स्वतः माळ्यावर टाकली. नवरा म्हणाला, खुर्चीला शिक्षा झाली, आता खऱ्या गुन्हेगाराचं काय? सून म्हणाली, त्याला सक्तमजुरी.

झालं ते असं. कालच्या उरलेल्या जटा तशाच होत्या, आणि वाट बघायला त्या काही तयार नव्हत्या. सकाळपासून त्यांनी शेजारणींना धरायला सुरुवात केली होती. सून जमिनीवर बसली, सासऱ्यांनी समोर चौरंग ओढला, पोतेरं मध्ये आडवं. ती जटेचं मूळ दोन बोटांत घट्ट धरायची, म्हणजे वरून कितीही ओढलं तरी ओढ कातडीपर्यंत जाणार नाही, आणि सासरे वरून फाडत आणायचे. त्यांचे हात मधूनमधून थरथरत होते पण मूळ तिच्या हातात असल्यानं थरथर तिच्या बोटांशी येऊन संपत होती. जाड किती, बारीक किती, हे ती ठरवणार. त्यांनी तोंड उघडायचं नाही.

त्यांनी काही वेळ उघडलंही नाही.

"ती पाठीवरची," मग ते म्हणाले. "जरा जाड नाही वाटत?"

"वाटते."

"मग?"

"वाटू दे."

दोन-तीन जटा गेल्या. मग ते म्हणाले, हद्द आता नक्की कुठे समजायची, म्हणजे पट्ट्याच्या मागे त्यांना किती दूर यायची परवानगी आहे. सून म्हणाली, माझा हात असेल तिथपर्यंत. सासऱ्यांनी तिच्या हाताकडे बघितलं, अंतर मनात मोजलं, आणि हा सौदा वाईट नाही असं त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं. मग हळूच म्हणाले की पुन्हा कधी जट तुटली तर सांगेन. आणि सांधा? तिनं विचारलं. सांधा नाही, ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, बसवलाच तर कातडीपासून चांगला लांब, आणि लोकरीच्या हिशेबानं. थोडा सैल.

नवरा दारात उभा राहून ऐकत होता. आपलेच दात, आपलेच ओठ, असं काहीतरी तो पुटपुटला आणि बूट काढायला गेला, जे त्यानं कालपासून धड काढले नव्हते.

कापलेली जट खिडकीत होती. सासऱ्यांनी तिच्या टोकाला सुताचे चार फेरे घातले होते, कारण टोक मोकळं सोडणं त्यांना शक्य नव्हतं. सांधा मात्र तसाच ठेवला होता. ऊन त्याच्यावर आलं की तो ढेकळासारखा दिसायचा, आणि दिसला की सासरे खूश व्हायचे.

पोतेरं घोरायला लागलं. डाव्या खांद्याच्या मागे आता एक जट कमी होती. बाहेरून दिसत नव्हतं, पण बोट घातलं तर जागा लागायची, थोडी मोकळी, थोडी गरम. सुनेचा एक हात सासऱ्यांसाठी मुळं धरत होता. दुसरा रिकामा झाला की त्या जागी जात होता. बोट कातडीवर टेकत होतं, गोल फिरत होतं, परत येत होतं. मग पुढची जट, आणि पुन्हा तिथेच. सासऱ्यांनी ते बघितलं आणि पुढची जट उचलली.

तिथे काही नव्हतं. ती पुन्हा पुन्हा तेच बघत होती.